अजून न बोलणाऱ्या बाळांशी पाळणाघरात काय बोलायचं?

ताई, नमस्कार.

तुमचं सगळं म्हणणं दोनदा वाचलं. नाशिकला राहत्या घरात पाळणाघर सुरू करून तुम्हाला सहा महिने झाले. सात ते सोळा महिन्यांची पाच बाळं आहेत, आणि सांभाळायला तुम्ही आणि दोन मावशी. तुम्हाला पडलेला प्रश्न असा, की ही बाळं अजून बोलतच नाहीत, मग त्यांच्याशी बोलायचं काय आणि त्याचा उपयोग काय. एक आई म्हणते, टीव्हीवर बडबडगीतं लावून ठेवा. दुसऱ्या घरची तक्रार आहे की तुमच्या धुळ्याकडच्या मावशी अहिराणीत बोलतात, त्याने मुलाची भाषा बिघडेल. एका बाळाच्या घरी तेलुगू बोलतात, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावं तेही विचारलंय. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय, की सोळा महिन्यांचा एक मुलगा अजून एकही शब्द बोलत नाही, ‘पण मुलगे उशिराच बोलतात ना?’

त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. बाकीचं महिन्याभराने केलंत तरी चालेल, हे लांबवू नका. त्या मुलाचे कान तपासून घ्यायला सांगा, याच आठवड्यात.

मी पुण्यात २३ वर्षं पाळणाघर चालवते आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असाच एक मुलगा होता. हसरा, अंगाखांद्यावर खेळणारा, कुणाकडेही जाणारा. हाक मारली की वळायचा. निदान मला तसं वाटायचं. खरं तर तो वळायचा फरशीला बसणाऱ्या पावलांच्या हादऱ्याने, अंगावर पडलेल्या सावलीने, दार उघडल्यावर आत येणाऱ्या उजेडाने. त्याच्या आईने मला वर्षभरात तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी हेच सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, काळजी करू नका. अडीच वर्षांचा झाल्यावर तपासणी झाली तेव्हा कळलं, की त्याला दोन्ही कानांनी फारच थोडं ऐकू येतं. त्याची आई मला एक शब्दही वावगा बोलली नाही. पण त्या मुलाचं वर्ष-दीड वर्ष माझ्या एका वाक्यापायी वाया गेलं, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही. ते वाक्य मी पुन्हा कुणापाशी उच्चारलं नाही. तुम्हीही उच्चारू नका.

जन्मानंतर महिन्याभरात ऐकण्याची चाचणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा जे काही लागेल ते सुरू, असा जगभरातल्या कानाच्या डॉक्टरांचा नियम आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ बाळं ही चाचणी न होताच घरी येतात. आईला म्हणावं, दवाखान्याच्या कागदांत ‘ओएई’ असं काही लिहिलंय का बघा. कानात इवलंसं बूच ठेवून काही मिनिटांत होणारी ती तपासणी. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर ‘बेरा’ करतात. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून, आवाज केल्यावर मेंदू उत्तर देतो का ते बघतात. दोन्हींत दुखत काही नाही. आणि जन्मावेळची चाचणी चांगली आली असली तरी पुन्हा करावी, कारण सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साठतं, आणि मग कित्येक आठवडे त्यांना सगळं कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. पाळणाघरातल्या मुलांना सर्दी किती होते ते तुम्हाला सांगायला नको. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत होतं. २०१३ साली आपल्या पालघरलाच त्याची सुरुवात झाली. जिल्हा रुग्णालयात चौकशी केली की वाट सापडते. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, ती तर बोलणं आणि ऐकणं याच कामासाठी आहे.

तोवर तुम्ही एक करा. त्या मुलाचे ‘शब्द’ नीट मोजा. कुत्रा दिसला की दर वेळी ‘भू’ म्हणत असेल तर तो शब्द आहे. खाऊला ‘मं’ म्हणत असेल तर तोही. आपण पुस्तकी शब्दांची वाट बघत बसतो आणि हे सोडून देतो. मग बघा, बोट दाखवतो का? हवी ती वस्तू आणून तुमच्या हातात देतो का? हातवारे न करता, पाठीमागून ‘चल, भुर्र जाऊ’ म्हटलं तर चपलांकडे धावतो का? तो समजतो, दाखवतो, नजरेला नजर देतो आणि फक्त शब्द थोडे आहेत, तर माझी निम्मी काळजी उतरेल. कान तपासायचे ते मात्र तपासायचेच. बाराव्या महिन्यापर्यंत बाबाबा-दादादा नाही, बोट दाखवणं नाही, हात हलवून अच्छा करणं नाही. सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे स्वतःचे जोडशब्द नाहीत. किंवा येत असलेलं कोणत्याही वयात येईनासं झालं, तर थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. यातलं शेवटचं सगळ्यात तातडीचं.

आईला सांगताना दारात, ती चपला घालत असताना सांगू नका. बसवा, पाणी द्या. रोगाचं नाव आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही, तो आपला अधिकार नाही. ‘मी मंगळवारी त्याच्या मागून तीनदा हाक मारली, तो वळला नाही’ एवढंच, जे डोळ्यांनी बघितलं ते सांगायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बाळं बोलत नाहीत, असं तुम्ही म्हणता. ताई, ती दिवसभर बोलत असतात.

जेवणाची वेळ घ्या. आठ महिन्यांची मुलगी मांडीवर आहे, वाटीत मऊ वरणभात. पहिल्या चार घासांना ती स्वतःच चमच्याकडे झेपावते, चमचा पोचायच्या आधी तोंड उघडलेलं असतं. पाचव्या घासाला ओठ मिटून नुसती बघते. सहाव्याला मान भिंतीकडे. सातव्याला हात आडवा येतो आणि भात झबल्यावर सांडतो. आठव्याला रडते. म्हणजे तिने आपल्याला तीन वेळा शांतपणे ‘पुरे’ सांगितलं आणि आपण चौथ्यांदा, रडल्यावर ऐकलं. संध्याकाळी आईला सांगतो, जेवताना फार त्रास देते हो. आता पाचव्या घासाला चमचा खाली ठेवून बघा. तिच्याकडे बघून म्हणा, ‘पुरे झालं? नको तुला?’ आणि दोन क्षण थांबा. मान वळवली तर वाटी बाजूला करा. थोड्या वेळाने हवं असेल तर ती पुन्हा वाटीकडे झेपावेल, आणि मग खुशाल चिऊचा घास, काऊचा घास करा. असं रोज झालं की ती मुलगी हळूहळू हात आडवा घालायच्या ऐवजी मान हलवून ‘नाही’ करायला लागते, कारण मान हलवून काम होतं हे तिला कळलेलं असतं.

डोळे चोळणं, कान ओढणं, पाठ ताणून मागे जाणं, मुठी आवळणं, ही सगळी त्यांची भाषा. एक खूण मात्र बहुतेक जण उलटी वाचतात. खेळताना बाळ मध्येच तोंड फिरवतं आणि दुसरीकडे टक लावतं. आपल्याला वाटतं कंटाळलं, म्हणून आपण त्याच्या तोंडासमोर जाऊन खुळखुळा आणखी जोरात वाजवतो. ते थोडा दम खात असतं, मोठ्या माणसाने गप्पांत पाण्याचा घोट घ्यावा तसं. चार-दोन सेकंद गप्प बसलं की ते आपणहून परत वळून बघतं. तेव्हा आपण तिथेच असावं, हसून.

आता ‘काय बोलायचं’. आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येणाऱ्या बायका आठवा. मी माझ्या पहिलटकरपणात एका मावशींना रोज बघत होते. पायांवर बाळ घेऊन बसायच्या आणि तेलाच्या वाटीपासून धुरीपर्यंत त्यांचं तोंड चालू. ‘आता कुठला हात गं? हा? बरं, हा आधी. बोटं उघड बघू. उघडली! आता पाणी येतंय हं, ऊन ऊन पाणी.’ बाळ ‘आँ’ म्हणालं की त्याही ‘आँ? हो का? असं झालं?’ करून थांबायच्या. त्यांनी मुलांच्या भाषेवरचं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. जे घडतंय त्याबद्दल, ते घडायच्या आधी, ज्याच्या अंगावर घडतंय त्याला सांगायचं आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबायचं, हे त्यांना येत होतं. तुमचा पहिला धडा हाच.

पाळणाघरात याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे डायपर बदलायची वेळ. ती आपण उरकतो. वास येतोय, दुसरं रडतंय, पटकन पाय वर, पुसलं, बांधलं, खाली. पण विचार करा, दिवसात चार-पाच वेळा, म्हणजे आठवड्याला वीस-पंचवीस वेळा ते बाळ एकटं तुमच्यासमोर असतं, चेहऱ्याला चेहरा. पाच मुलांच्या घरात त्याला एवढी निवांत गाठ दुसरी कुठली मिळणार? माझ्याकडच्या मावशींना मी सांगते, आधी हात पुढे करा आणि म्हणा, ‘चल, शू झालीय, बदलू या.’ लगेच उचलू नका. मनात पाचपर्यंत मोजा. सुरुवातीला काही होत नाही. मग एक दिवस ते बाळ तुमच्या हातांकडे बघतं, खांदे वर करतं, हात पसरतं. ते ‘उचल’ म्हणालं. पाय उचलायच्या आधी ‘आता पाय वर’ म्हणा आणि तसंच थांबा. काही आठवड्यांत ते आपणहून पाय वर घ्यायला बघतं. आमच्या एका मावशींना हे पटत नव्हतं, ‘ताई, एवढा वेळ कुठंय’ म्हणायच्या. एका दुपारी मला हाक मारून त्यांनी बोलावलं, त्या नुसत्या हात पुढे करून उभ्या होत्या आणि नऊ महिन्यांचा बाळ्या दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे बघत ‘आं-आं’ करत होता. त्या दिवसापासून मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

हे थांबणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला वाटतं जितकं जास्त बोलू तितकं बरं. मानसशास्त्रज्ञ मायकेल गोल्डस्टाइन यांच्या गटाने २००३ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. आठेक महिन्यांच्या बाळांच्या काही आयांना सांगितलं, बाळाने आवाज काढला की लगेच हसा, जवळ जा, हात लावा. बाकीच्या आयांनीही तेवढंच हसायचं, तेवढाच हात लावायचा, पण बाळाच्या आवाजाशी वेळ जुळवायची नाही. पहिल्या बाळांची बडबड त्याच बैठकीत जास्त सफाईदार झाली, दुसऱ्यांची नाही. म्हणजे माया दोघांना सारखीच मिळाली होती, फरक फक्त वेळेवर आलेल्या उत्तराचा. म्हणून तासभर अखंड बोलणाऱ्या मावशीपेक्षा बाळाच्या ‘बाऽ’ला वळून ‘बा? बाबा? बाबा संध्याकाळी येणार’ म्हणणारी मावशी मला हवी असते.

यातच मोबाइलचं येतं. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना बाळासमोर बसून एक-दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवायला सांगितलं होतं. बाळं आधी हसून बघतात, आवाज काढतात, हात पुढे करतात, मग अस्वस्थ होतात, तोंड फिरवतात, शेवटी रडू लागतात. मोबाइल बघणाऱ्या माणसाचा चेहरा बाळाला असाच दिसत असणार, असं मला वाटतं. माझ्याकडे मावशींचे आणि माझेही फोन स्वयंपाकघराच्या फळीवर असतात, घरचा नंबर लँडलाइनचा दिलेला आहे. याबाबतीत मी कडक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

टीव्ही लावू नका. त्या आईला वाईट न वाटू देता सांगा, पण लावू नका. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर माणूस बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलत होतं, काहींना तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसासमोर बसलेली बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाल्यांना काहीच आलं नाही. टीव्ही उत्तर देत नाही, थांबत नाही, बाळ कशाकडे बघतंय ते त्याला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको असं स्पष्ट म्हटलंय, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. बडबडगीतं अवश्य म्हणा, तुमच्या तोंडाने, बाळाच्या तळव्यावर बोट टेकवून. मोराला चारा घालायचा खेळ सगळ्यांना येतो. त्यात शेवटच्या ‘भुर्र’च्या आधी दम धरा. बाळ तुमच्या तोंडाकडे बघत वाट पाहील, हात हलवेल, कधी स्वतःच ‘बूऽ’ करेल. त्याची पाळी त्याने घेतली. ‘बुवा कुक’ही असाच, पदर खाली घ्यायच्या आधीच्या त्या क्षणात सगळी गंमत आणि सगळी भाषा आहे.

नऊ-दहा महिन्यांच्या पुढे मी ज्याची सगळ्यात आतुरतेने वाट बघते, ते म्हणजे बोट. पहिला शब्द आई-बाबा साजरा करतात, पहिलं बोट मी साजरं करते. आधी पंजा येतो, सगळा हात वस्तूकडे. मग कधीतरी चार बोटं मिटतात आणि एक उरतं. आपल्या घरांत ते बहुधा पंख्याकडे जातं, नाहीतर दिव्याकडे. या बोटाचे दोन अर्थ असतात आणि ते वेगळे ओळखायला हवेत. एक, ‘ते मला दे’. तेव्हा बाळाची नजर वस्तूवर खिळलेली असते. दुसरा, ‘ते बघ ना!’ तेव्हा बाळ वस्तूकडे बोट करतं आणि वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, तुम्ही बघितलंत का ते. या दुसऱ्या बोटात काही मागणं नसतं, नुसती गोष्ट वाटून घ्यायची असते. खिडकीत कावळा बसलाय आणि दहा महिन्यांच्या जिवाला तो तुम्हाला दाखवावासा वाटतोय. तेव्हा हातातलं काम टाकून बघा. ‘कावळा! काळा काळा काऊ. उडाला बघ!’ ज्या क्षणी त्याचं लक्ष कावळ्यावर आहे त्या क्षणी ऐकलेला ‘काऊ’ त्याच्या डोक्यात बसतो. आपण नेमकं उलट करतो, बाळ कावळ्याकडे बघत असताना त्याची हनुवटी धरून ‘इकडे बघ, बॉल, बॉल’ म्हणतो.

‘बाप्पा कुठेय? पंखा कुठेय? नाक कुठेय?’ हा आपल्या घरांतला आवडता खेळ आहे, पाहुण्यांसमोर तर हमखास. वाईट नाही, पण तो परीक्षेचा खेळ आहे. दिवसातून दोनदा पुरे. उरलेला दिवस बाळ जे दाखवेल तिथे आपण जायचं.

शब्दांबद्दल थोडक्यात. मम्मं, भूभू, माऊ, गाई, बाऊ हे बाळशब्द वापरावेत का, असं नवे आई-बाबा विचारतात. खुशाल वापरा. ते सोपे आहेत, काहींत तोच आवाज दोनदा येतो, बाळाच्या जिभेला जमतात. आपली नाती बघा ना, बाबा, दादा, मामा, काका, सगळी बडबडीतूनच उठलेली वाटतात. फक्त त्यांच्या जोडीला मोठा शब्दही असू द्या, ‘भूभू आला, मोठा कुत्रा आहे तो’. आणि बाळाने ‘पाणी’ला ‘पापी’ म्हटलं तर हसून आपण ‘पापी’ म्हणत राहू नका, ‘असं म्हण’ म्हणून दटावूही नका. ‘पाणी हवंय? हे घे पाणी.’ झालं.

आता भाषेचा प्रश्न, आणि यावर मला जरा मोकळेपणाने बोलायचंय. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ वेगळा ओळखतात. वर्षाची होईतो तोच फरक त्यांच्या कानाला कळेनासा होतो. हिंदी घरातल्या वर्षाच्या बाळांना तो नीट कळतो. म्हणजे सहा ते बारा महिने या काळात कान आपल्या माणसांच्या भाषेला लागतात, तानपुरा लागावा तसे. आता बघा, २०१७च्या कायदादुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे बाळ तुमच्याकडे येतं ते बरोबर पाच-सहा महिन्यांचं होऊन, कान लागायच्या वेळेला. त्या वेळी तुमच्या मावशी आठ-नऊ तास गप्प राहून काम करणार, की मोकळेपणाने बोलणार?

अहिराणी बोलू द्या. ज्या बाईला ‘शुद्ध बोला’ म्हणून सांगितलंय ती बाई हळूहळू बोलायचीच बंद होते, हे मी घडताना पाहिलंय. साताऱ्याकडच्या आमच्या एका मावशींना एका वडिलांनी असंच टोकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांशी ‘ये, बस, खा’ एवढंच बोलायला लागल्या, नेमकं आणि कोरडं. त्यांची गाणी गेली, लाडाची नावं गेली. ‘काय करी ऱ्हायना रे?’ म्हणून तुमच्या मावशी बाळाकडे वाकतात, त्यात चढउतार आहे, माया आहे, वाट बघणं आहे. ती खरी, पुरती भाषा आहे. बाळ घरी प्रमाण मराठी ऐकतं, तुमच्याकडे अहिराणी ऐकेल, दोन्ही कळेल आणि कुणाशी काय बोलायचं तेही कळेल. दोन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही. त्या पालकांना एकदा सकाळी अर्धा तास येऊन नुसतं बसायला सांगा. माझ्याकडे या उपायाने बऱ्याच तक्रारी मिटल्या आहेत.

तेलुगू बाळाशी तुम्ही मराठीच बोला, जी तुम्हाला मनापासून येते ती. मोडकी तेलुगू किंवा इंग्रजी ओढून आणू नका. फक्त त्याच्या आईकडून आठ-दहा शब्द मागून घ्या: भूक, पाणी, झोप, दुखतंय, ये, आई, अजून, पुरे. घरात ज्या लाडाच्या रूपात बोलतात त्याच रूपात. ते देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्याकडे एक तेलुगू मुलगी होती, वर्षाची. दुपारी साडेअकराला ‘बुव्वा, बुव्वा’ सुरू करायची. मावशींना वाटायचं हिला ‘बुवा कुक’ हवंय, त्या पदर तोंडावर घेऊन खेळायला लागायच्या आणि ती आणखी रडायची. आठवडाभर असं चाललं. मग तिच्या आईने सांगितलं, तेलुगूत बाळाच्या जेवणाला बुव्वा म्हणतात. म्हणजे आपल्या मम्मंला. एवढंसं मूल स्पष्ट शब्दात जेवायला मागत होतं आणि आम्ही तिला खेळवत होतो. त्या दिवसापासून नव्या बाळाच्या फॉर्मवर मी घरातल्या शब्दांची जागा ठेवली आहे, ॲलर्जीच्या खालीच.

जागेबद्दल दोनच गोष्टी. नुसती फरशी, उघड्या भिंती, वर मिक्सर आणि कुकर यांच्यामुळे खोली घुमते, आणि त्या गोंगाटात लहान कानाला ‘प’ आणि ‘ब’ वेगळा लागत नाही. सतरंज्या अंथरा, जाड पडदे लावा, मिक्सरचं काम बाळं यायच्या आत आटपा. दुसरं, माणसं. पाच बाळांना तुम्ही तिघी आहात, हे उत्तम आहे. उद्या नाव झालं की बाळं वाढतील, पैशांचा मोह होईल. मी एका मावशीकडे तीनपेक्षा जास्त तान्ही बाळं देत नाही. चौथं आलं की ती उत्तर देणं सोडते आणि नुसतं आवरायला लागते. तिचा त्यात काही दोष नसतो. कोणतं बाळ कोणत्या मावशीचं ते ठरवून टाका आणि शक्यतो बदलू नका, कारण एका बाळाच्या खुणा वाचायला शिकायलाच महिना जातो. आणि त्यांना दुपारी अर्धा तास पाठ टेकू द्या. दमलेल्या माणसाचा चेहरा बोलत नाही.

शेवटी वही. तुम्ही संध्याकाळी आईला काय सांगता? माझं अनेक वर्षं चालायचं: दोनदा शी, दूध सगळं प्यायला, झोपला छान, शहाणा होता. आता प्रत्येक बाळाच्या वहीत दिवसाला एक ओळ वेगळी असते, आज काय ‘बोललं’ त्याची. उदाहरणं देते: ‘अकरा वाजता खिडकीकडे बोट, कावळा. माझ्याकडे वळून बघितलं.’ ‘भात पुरे झाल्यावर मान हलवली, रडली नाही.’ ‘मावशी बाथरूममध्ये गेल्या तर दाराकडे बघून माऽ माऽ.’ हे लिहायला एक मिनिट लागतं. आई बसमध्ये ते वाचते आणि घरी गेल्यावर बाळाला खिडकीपाशी नेते. तिच्या बाजूने ती घरातलं लिहून पाठवते, त्यामुळे सोमवारी बाळ ‘अप्पू, अप्पू’ करायला लागलं तर तुम्हाला कळतं, की शनिवारी त्याने देवळाबाहेर हत्ती पाहिला होता.

त्या सोळा महिन्यांच्या मुलाची वही उद्याच सुरू करा, आणि त्याची आई डॉक्टरकडे जाईल तेव्हा ती वही तिच्याबरोबर द्या.